आजीनं नातवंडं सांभाळायची, हे सरकारनं गृहीत धरावं का?

सप्टेंबर २०२४. अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. ॲरिझोना राज्यातल्या मेसा शहरात एका कार्यक्रमात उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांनी रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांना विचारलं, पाळणाघराचा खर्च लोकांना झेपेनासा झालाय, त्याचं काय करणार? व्हान्स म्हणाले, आजी-आजोबांना कदाचित थोडी जास्त मदत करावीशी वाटेल, एखाद्या काका-मावशीला वाटेल, म्हणजे पाळणाघरावर होणारा खर्च थोडा हलका होईल. पाळणाघरात काम करणाऱ्यांकडून मागितल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांच्या अटी सैल कराव्यात, असंही ते पुढं बोलले. पण देशभर गाजला तो आजी-आजोबांचा भाग.

तो गाजायला आणखी एक कारण होतं. त्याच्या काही आठवडे आधी व्हान्स पाहुणे असलेल्या २०२० सालच्या एका पॉडकास्टचं ध्वनिमुद्रण पुन्हा बाहेर आलं होतं. त्यात नातवंडांच्या संगोपनात आजी-आजोबांचा सहभाग किती मोलाचा असतो, यावर बोलणं चाललेलं आहे. सूत्रसंचालक एरिक वाइनस्टाइन म्हणतात, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीचं सिद्धान्तानुसार प्रयोजनच ते आहे. त्यात व्हान्स यांचा ‘हो’ ऐकू येतो. टीका झाल्यावर व्हान्स यांच्या बाजूनं खुलासा आला, की सूत्रसंचालकाचे शब्द त्यांच्या तोंडी घातले जात आहेत. वाक्य व्हान्स यांचं नव्हतं हे खरंच आहे, तेव्हा ते त्यांच्या नावावर खपवू नये. पण त्या वाक्यानं उठवलेला प्रश्न त्यांच्यापुरता राहिला नाही. बाई पन्नाशीच्या पुढं गेली, की तिचा वेळ कुणाचा? तिचा स्वतःचा, मुलांचा, की सरकारच्या हिशेबातला?

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. व्हान्स यांची पत्नी उषा भारतीय वंशाच्या, तेलुगू कुटुंबातल्या. त्या पॉडकास्टमध्ये चर्चा चालली होती ती त्यांच्या आईची, म्हणजे मुलीच्या बाळंतपणाला धावून आलेल्या एका भारतीय आजीची. पुण्या-ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत विचारा, कुणीतरी नुकत्याच न्यू जर्सीहून परतलेल्या असतात आणि कुणाचं तरी तिकीट काढून झालेलं असतं.

आधी तो किस्सा नीट पाहू, कारण वादाचं बीज त्यात आहे. उषा यांच्या आई कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत जीवशास्त्राच्या प्राध्यापक. पहिलं नातवंड झाल्यावर त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि लेकीकडे राहून बाळ सांभाळलं. व्हान्स यांनी हे कौतुकानं सांगितलं आणि त्याला एक विचार जोडला. निव्वळ बाजाराच्या अर्थशास्त्राला विचारलं तर ते म्हणेल, बाईंनी नोकरी चालू ठेवावी आणि पगारातला थोडा भाग मुलीला द्यावा. त्यात बाळासाठी बाई ठेवता येईल. हिशेब चोख. पण बाळाला आजी मिळाली नसती.

या विचारात दम आहे, आणि तो टवाळीवारी नेणाऱ्यांशी मी सहमत नाही. आजीच्या मांडीवर निजणारं मूल आणि पगारी माणसाच्या मांडीवर निजणारं मूल यांतला फरक पैशांत मोजता येत नाही. व्हान्स यांचं स्वतःचं बालपण याची साक्ष देतं. ओहायोतल्या मिडलटाउन गावात आई व्यसनात अडकली असताना त्यांना आजीनंच वाढवलं. आजीबद्दल ते बोलतात ते मनापासून बोलतात.

अडचण पुढच्या पायरीवर येते. एका प्राध्यापक आजीला वर्षभराची रजा मिळू शकली आणि रजा संपल्यावर परत जायला नोकरी होती. हे सुख किती आज्यांच्या वाट्याला येतं? दुकानात गल्ल्यावर उभी राहणारी, दवाखान्यात रात्रपाळी करणारी, स्वतःच्या घराचे हप्ते फेडणारी आजी अशी रजा कुठून आणणार? एका घरात प्रेमानं घडलेली गोष्ट देशाचं धोरण म्हणून सांगितली, की ती न जमणाऱ्या बाईवर ठपका येतो. घरच्या माणसानं मागितलेली मदत नाकारता येते, निदान त्यावर भांडता तरी येतं. सरकारनं गृहीत धरलेल्या मदतीला नाही म्हणायची सोयच नसते, कारण ती कुणी मागितलेलीच नसते.

पाळणाघर इतकं महाग का?

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तान्ह्या बाळाच्या पाळणाघराची वर्षाची फी सरकारी विद्यापीठाच्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त असते. ऐकणाऱ्याला वाटेल, चालवणारे चांगलेच गब्बर होत असतील. तसं दिसत नाही. तिथं काम करणाऱ्यांना साधारण तासाला पंधरा डॉलरच्या आसपास मिळतात, म्हणजे त्या देशातल्या सगळ्यांत कमी पगाराच्या कामांपैकी हे एक. फी जास्त आणि पगार कमी, हे एकाच वेळी कसं घडतं?

कारण या कामात यंत्र लावून वेग वाढवता येत नाही. तान्ही बाळं सांभाळायची तर तीन-चार बाळांमागं एक मोठं माणूस लागतंच. शिवणाचं यंत्र आलं तसा एका माणसाचा दिवसभरातला कपडा वाढला, पण एका बाईच्या दोन हातांत मावणारी बाळं पूर्वी जितकी होती तितकीच आजही आहेत. म्हणजे तीन-चार घरांनी मिळून एका माणसाचा पूर्ण पगार, जागेचं भाडं, विमा आणि खाणं-पिणं उचलायचं. आई-बाप तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले, पगार कमी, डोक्यावर कर्ज. ज्या वयात कमाई सगळ्यांत कमी त्याच वयात हा खर्च येतो. बाजाराला आपसूक न सुटणारं हे गणित आहे, म्हणून बहुतेक श्रीमंत देशांत सरकार त्यात पैसा घालतं.

अमेरिकेनं तो घालायचा नाही असं एकदा ठरवलं, त्यालाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत गेल्या तेव्हा केंद्र सरकारनं स्वतः पैसे देऊन पाळणाघरं चालवली. युद्ध संपलं आणि ती बहुतेक बंद झाली. १९७१ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी देशव्यापी पाळणाघरांचा कायदा मंजूर केला. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी डिसेंबरमध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. कुटुंबाऐवजी सामूहिक पद्धतीनं मुलं वाढवण्याच्या बाजूनं सरकारचं नैतिक वजन पडेल, असं त्यांनी कारण दिलं. तिथं मुलाचं संगोपन हा राजकीय प्रश्न बनला तो तेव्हापासून, आणि पन्नास वर्षांनंतरही दोन्ही बाजू साधारण त्याच जागी उभ्या आहेत.

बाळंतपणाच्या रजेचं पाहा. १९९३ च्या कायद्यानुसार बारा आठवड्यांची रजा मिळते, ती बिनपगारी, आणि तीही पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. पगारी रजेचा देशव्यापी कायदा खासगी नोकरदारांसाठी नाही, काही राज्यांनी आपापली सोय केली आहे इतकंच. कोविडच्या काळात पाळणाघरं तगावीत म्हणून २०२१ मध्ये सुमारे २४ अब्ज डॉलर दिले गेले, त्यांची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. २०२४ च्या निवडणुकीत पाळणाघर हा विषय आला तो या पार्श्वभूमीवर.

रिपब्लिकन बाजूचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारनं पाळणाघरांना पैसा दिला तर तो फक्त पाळणाघर वापरणाऱ्यांना पोचतो. जी आई घरी राहते किंवा ज्या घरी आजी सांभाळते त्यांना काहीच नाही. त्यापेक्षा पैसा थेट कुटुंबाला द्या, कसा वापरायचा ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. व्हान्स यांनी २०२१ मध्येच सार्वत्रिक पाळणाघराची कल्पना म्हणजे सामान्य माणसांवरचं वर्गयुद्ध आहे असं लिहिलं होतं, आणि प्रचारात मुलामागची करसवलत दोन हजार डॉलरवरून पाच हजारांवर न्यावी असंही ते बोलले. हा मुद्दा फेटाळण्यासारखा नाही. घरी होणारं संगोपनही कामच आहे, हे त्यात मान्य केलेलं आहे.

विरोधकांचं म्हणणं साधं आहे. करसवलतीनं गावात पाळणाघर उघडत नाही. आजी दुसऱ्या राज्यात राहते. आजी स्वतः नोकरीत आहे. आजी आजारी आहे. आजी वारली आहे. आणि एखादीला नातवंडं जिवापाड प्रिय असूनही रोज दहा तास सांभाळायची नसतात, तो तिचा हक्क आहे.

हाडझा आज्या आणि कंदमुळं

‘सिद्धान्तानुसार’ हा शब्द त्या पॉडकास्टमध्ये आला होता. तो सिद्धान्त कुठला ते पाहिलं पाहिजे, कारण राजकारणात त्याचा वापर होतो तेव्हा त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो.

मानवाच्या बाबतीत जीवशास्त्राला पडलेलं हे जुनं कोडं आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या माद्या म्हातारपणापर्यंत पिलं देत राहतात. माणसाची मादी पन्नाशीच्या आसपास थांबते आणि त्यानंतर वीस-तीस वर्षं सहज जगते. पुनरुत्पादन थांबल्यावर इतकं लांब आयुष्य निसर्गानं का टिकवलं? जॉर्ज विल्यम्स या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये सुचवलं, की उतारवयात नवं बाळंतपण ओढवून घेण्यापेक्षा असलेल्या मुलाबाळांना जगवणं जास्त फायद्याचं ठरत असावं.

या कल्पनेला अंग मिळालं ते टांझानियात. क्रिस्टन हॉक्स आणि त्यांचे सहकारी हाडझा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांमध्ये अभ्यास करत होते. त्यांना दिसलं, की कडक जमिनीतून कंद खणून काढण्यात वयस्क बायका कुणालाच हार जात नाहीत. लहान मुलांच्या हातांत ते बळ नसतं. आईच्या कडेवर नवं तान्हं आलं, की तिचं खणणं कमी होतं, आणि मग आधीच्या मुलाचं वजन वाढतं की नाही हे आजी किती कंद आणते त्यावर ठरतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हॉक्स यांनी हे मांडलं, आणि त्याला ‘आजी गृहीतक’ असं नाव पडलं.

पुढं आणखी पुरावे आले. फिनलंड आणि कॅनडातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या चर्चच्या नोंदी तपासून २००४ मध्ये मिर्क्का लाहदेनपेरा यांच्या गटानं दाखवलं, की पन्नाशीनंतर बाई जितकी जास्त जगली तितकी तिची नातवंडं वाढत गेली, दर दहा वर्षांमागं साधारण दोन. ऑर्का देवमाशांतही रजोनिवृत्ती असते आणि तिथंही आजी मेली की पुढच्या काळात नातवंडांच्या जिवाला धोका वाढतो, असं २०१९ च्या अभ्यासात दिसलं.

पण सगळीकडे सारखं चित्र नाही. गांबियातल्या खेड्यांच्या नोंदींत आईची आई असली तर बाळं जास्त जगलेली दिसतात, बापाच्या आईच्या असण्यानं तसा फरक पडलेला दिसत नाही. इतर समाजांतल्या नोंदी एकत्र पाहिल्या तेव्हाही आईच्या आईचा फायदा जास्त ठिकाणी दिसला. माहेरी बाळंतपण करायची आपली रीत आठवली तर याचं फार नवल वाटू नये.

आता यातला राजकारणात गळून जाणारा भाग. हाडझा आजी घरी बसलेली नाही. ती त्या टोळीतली सगळ्यांत कष्टाळू कमावती बाई आहे. ती रानात जाते, अन्न मिळवते, आणि त्यातलं नातवंडांना देते. तिनं आपलं काम सोडून झोपडीत बाळ राखत बसावं असं तो सिद्धान्त कुठंही म्हणत नाही. उलट तिचं कमावतं असणं हाच त्याचा कणा आहे. त्याचा आजचा अर्थ लावायचाच झाला, तर साठीतली नोकरी करणारी, पगारातून नातीची फी भरणारी आणि शनिवारी तिला फिरायला नेणारी बाई हाडझा आजीच्या जास्त जवळची ठरेल.

दुसरं असं, की निसर्गात एखादी गोष्ट का टिकली याचं स्पष्टीकरण म्हणजे आज कुणी काय करावं याचा आदेश नव्हे. पुरुषाच्या रुंद खांद्यांनाही उत्क्रांतीचं काही कारण असेल. म्हणून त्यानं भाला घेऊन हिंडावं असं कुणी धोरण मांडत नाही. बाईच्या शरीराबाबत मात्र ‘प्रयोजन’ हा शब्द चटकन निघतो. मला त्या पॉडकास्टमधलं सगळ्यांत जास्त टोचलं ते हे. गर्भाशयावरून बाईची किंमत ठरवायची जुनी सवय आहे. ते थांबलं तरी बाईला मोकळं न सोडता तिच्यासाठी पुढची नेमणूक तयार ठेवली जाते.

आजी नोकरीत आहे

या वादात आजी म्हटलं, की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं पांढऱ्या केसांची, घरी असलेली, हाताशी वेळच वेळ असलेली बाई येते. प्रत्यक्षात बाई पहिल्यांदा आजी होते ती बहुतेकदा पन्नाशीत, आपल्याकडे खेड्यांत तर चाळिशीतही. म्हणजे तिची कमाईची वर्षं अजून चालू असतात. अमेरिकेत १९६० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सरकारी निवृत्तिवेतन पूर्ण मिळतं ते ६७ व्या वर्षी. त्याआधी ते घ्यायला सुरुवात केली तर ते कायमचं घटतं.

चीनमध्ये हा पेच उघड्यावर आला. तिथं शहरातल्या घराघरांत आजी-आजोबाच मुलं सांभाळतात. बायकांचं निवृत्तीचं वय पन्नास किंवा पंचावन्न असल्यानं ते जमून जायचं. २०२५ च्या जानेवारीपासून सरकारनं हे वय टप्प्याटप्प्यानं वाढवायला सुरुवात केली, बायकांचं पंचावन्न आणि अठ्ठावन्नपर्यंत, पुरुषांचं त्रेसष्टपर्यंत. त्याच सरकारला जन्मदरही वाढवायचा आहे. लोकांनी विचारलं, आजी कामावर राहिली तर बाळ कोण बघणार? एकाच बाईनं जास्त वर्षं नोकरीही करायची आणि जास्त नातवंडंही सांभाळायची, असे दोन हिशेब एकमेकांना न विचारता मांडले जातात.

आणि ज्या आज्यांवर सगळंच पडतं त्यांचं काय? अमेरिकेत वीस लाखांहून जास्त आजी-आजोबा सोबत राहणाऱ्या नातवंडांच्या रोजच्या गरजांची जबाबदारी वाहतात, अनेकदा मधली पिढी व्यसनात, तुरुंगात किंवा मातीआड गेलेली असते म्हणून. ओहायो, केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया या पट्ट्यात ओपिऑइड या वेदनाशामक औषधांच्या व्यसनानं हे प्रमाण फार वाढलं. त्यांच्यासाठी २०१८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, त्यातून एक सल्लागार समिती नेमली गेली. पण वर्षानुवर्षं असं घडत आलं, की परक्या पालकाकडे मूल ठेवलं तर सरकार भत्ता देतं आणि तेच मूल आजीकडे ठेवलं तर कमी देतं किंवा देतच नाही. रक्ताच्या नात्यानं केलंय ना, मग पैसे कशाला, हा त्यामागचा विचार. आजीच्या भूमिकेचे गोडवे गाणाऱ्यांनी सुरुवात इथून करायला हवी होती.

ज्यांनी हिशेब मांडला

काही देशांनी आजीची मदत गृहीत धरण्याऐवजी तिची नोंद करायला सुरुवात केली आहे. त्यांचे मार्ग वेगवेगळे आहेत.

स्वीडनमध्ये मुलामागं ४८० दिवसांची पगारी पालकत्व रजा मिळते. जुलै २०२४ पासून त्यातले काही दिवस आई-बाप दुसऱ्या कुणालाही देऊ शकतात, आजीलाही. दोघं पालक असतील तर प्रत्येकी ४५ दिवस, एकटा पालक असेल तर ९०. आजी नोकरीत असेल तर ती रजा घेते आणि तिच्या पगाराच्या प्रमाणात पैसे सरकार देतं. लक्षात घ्यायचं ते हे, की स्वीडननं हे पाळणाघराच्या बदली केलेलं नाही. तिथं पाळणाघराच्या फीवर वरची मर्यादा आधीपासून आहे, आजीची रजा त्यावर आणखी एक सोय म्हणून आली. आजीपुढं निवड आहे. ती नाही म्हणाली तर बाळाचं काही अडत नाही.

हंगेरीनं २०२० पासून नोकरीत असलेल्या आजी-आजोबांना नातवंडासाठी बालसंगोपन भत्ता घेण्याची मुभा दिली. तिथल्या तेव्हाच्या सरकारचा हेतू जन्मदर वाढवण्याचा होता आणि त्या धोरणामागचा राष्ट्रवाद मला पटत नाही, पण आजीच्या कामाला पैसे द्यावे लागतात एवढं त्यांनी ओळखलं. दक्षिण कोरियातलं सेऊल शहर सप्टेंबर २०२३ पासून दोन ते तीन वर्षांच्या मुलाला सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना महिन्याला तीन लाख वोन देतं. त्यासाठी महिन्यातून किमान चाळीस तास सांभाळलेलं असावं लागतं आणि घरच्या उत्पन्नाची मर्यादा आहे.

ब्रिटनची तऱ्हा शांत आहे, आणि मला ती फार आवडते. २०११ पासून तिथं बारा वर्षांखालच्या नातवंडाला सांभाळणाऱ्या, निवृत्तीचं वय न झालेल्या आजीला राष्ट्रीय विम्याचं, म्हणजे ज्यावर तिथलं सरकारी निवृत्तिवेतन ठरतं त्या खात्याचं, श्रेय मिळू शकतं. हातात रोकड येत नाही. पण नातवंडासाठी नोकरी सोडली किंवा कमी केली म्हणून तिच्या स्वतःच्या निवृत्तिवेतनात खड्डा पडत नाही. बाईच्या म्हातारपणाचा विचार यात आहे. बाकीच्या योजना बाळाकडे बघतात, ही आजीकडे बघते.

आपल्याकडची आजी

नातवंडं म्हणजे दुधावरची साय, हे आपण इतक्यांदा म्हणतो, की त्या सायीमागं कुणाचे हात राबतात हे विचारायचं राहून जातं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणारी बाई दिवसाची २९९ मिनिटं त्यात घालवते असं निघालं, पुरुष ९७. घरच्या माणसांची देखभाल वेगळी, त्यात बाई १३४ मिनिटं आणि पुरुष ७६. आजीही यात आहे. सून कामावर गेली, की तिच्या वाटणीचं बरंचसं सासूकडे किंवा आईकडे सरकतं. मुलाकडे क्वचितच.

अमेरिकेला बाळंतपणाला जाणाऱ्या आपल्या आज्यांकडे या नजरेनं बघा. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा, मेतकूट बॅगेत भरून त्या जातात. पर्यटकाच्या व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं. म्हणून आधी मुलीचे आई-वडील, मग मुलाचे, अशी पाळी लागते. आई-बापाची बिनपगारी रजा संपते, पाळणाघरात जागा मिळत नाही किंवा परवडत नाही, आणि ती फट भरून काढायला सात समुद्र ओलांडून माणूस येतं. तिला तिथं गाडी चालवता येत नाही, बर्फात एकटीनं बाहेर पडता येत नाही, वृद्धांसाठीची सरकारी आरोग्यसेवा तिला लागू नाही, गुडघा दुखला तरी डॉक्टर परवडणार नाही म्हणून ती बोलत नाही. अमेरिकेतल्या पाळणाघराच्या टंचाईचा भार थोडासा पुण्या-नाशिकच्या आज्याही उचलतात, आणि त्या देशाच्या कुठल्याही हिशेबात त्यांचं नाव नाही. कॅनडानं निदान खास व्हिसा काढला, जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षं राहता येतं. त्यासाठीचा आरोग्यविमा मात्र पदरच्या पैशानं घ्यावा लागतो.

याहून कठीण गोष्ट बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या खेड्यांतली आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती मिळते कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई मागं राहिली तर कोयता अर्धा होतो, उचल कमी होते. मग पोरं दोनच ठिकाणी असू शकतात, उसाच्या फडात नाहीतर आजीजवळ. फडात गेली तर शाळा बुडते, म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तिची मूळ कल्पना अशी, की मूल गावातच नातेवाइकाकडे राहील, शाळेत जाईल आणि जेवण योजनेतून मिळेल. नातेवाईक म्हणजे बहुतेक घरांत आजी. ती स्वतः पंचवीस-तीस वर्षं ऊस तोडून वाकलेली असते. पाच-सहा महिने चार-पाच पोरांचं दुखणंखुपणं, अभ्यास, वयात आलेल्या नातीची राखण हे सगळं ती एकटी बघते. राज्याचा साखर उद्योग ज्या मजुरीवर उभा आहे, त्या मजुरीच्या पायाशी ही आजी आहे. तिच्या नावावर योजनेत एक रुपया नाही.

आणि जिथं आजीच नाही तिथं? मुंबईत इमारतींच्या बांधकामावर येणाऱ्या कुटुंबांची आजी गावी राहिलेली असते. १९६९ मध्ये दिल्लीत एका बांधकामावर मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. १९७२ पासून मुंबईतही ते काम चाललं आहे. कायद्यानं पाहिलं तर मोठ्या बांधकामांवर, कारखान्यांत पाळणाघर बंधनकारकच आहे. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी रजा आणली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं. पण हे सारं नोंदलेल्या नोकरीतल्या बाईला. शेतमजूर, घरकामगार, फेरीवाली यांच्यासाठी उरते ती अंगणवाडी, आणि ती दिवसातले काही तास. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसाचे साडेसात तास ठेवता येतं. देशभरात अशी १७ हजार अंगणवाडी-पाळणाघरं करायचं ठरलं. देशात अंगणवाड्या आहेत सुमारे चौदा लाख.

हे आकडे शेजारी ठेवून दुसरी एक हाक ऐकावी. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले, की जन्मदर, म्हणजे एका बाईमागं होणाऱ्या मुलांची सरासरी, २.१ च्या खाली जाऊ नये, म्हणून घरटी दोनाहून जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत. त्याआधी आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूंनीही जास्त मुलांचा आग्रह धरला होता. महाराष्ट्राचा जन्मदर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ निघाला आहे, तेव्हा ही चर्चा आपल्याकडे आणखी वाढणार. तिसरं मूल कोण सांभाळणार, हा प्रश्न अशा भाषणांत येत नाही, कारण उत्तर सगळ्यांनी मनात धरलेलं असतं.

म्हणून माझी मागणी अशी, की हे मनात धरलेलं उत्तर कागदावर यावं. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या हंगामी योजनेत मुलाच्या जेवणाबरोबर त्याला ठेवून घेणाऱ्या आजीला हंगामाचे महिने भत्ता मिळावा, आणि तिची आरोग्य तपासणी त्याच खात्यानं करावी. अंगणवाडीची वेळ आईच्या मजुरीच्या वेळेला जुळावी. विधानसभेत कुणी घरटी तीन मुलांची भाषा केलीच, तर त्याच दिवशी जिल्ह्यात पाळणाघरं किती आणि ती किती वाजता बंद होतात, हे विचारणारा एक तरी आमदार असावा.